मॅचबॉक्सची स्टोट आणि वीझल: ऑलिव्हसाठी जास्त पैसे मोजण्याआधी

मॅचबॉक्स ही छोटी धातूची खेळणी बनवणाऱ्या लेस्नी या ब्रिटिश कंपनीने 1974 च्या सुमारास रोलामॅटिक, म्हणजे ढकलली की वरचा भाग हलणाऱ्या, गाड्यांमध्ये दोन छोट्या लष्करी गाड्या काढल्या. 28 नंबरची स्टोट आणि 73 नंबरची वीझल. गाडी पुढे ढकलली की स्टोटमधला टेहळणीचा सैनिक गोल फिरतो, तर वीझलचा तोफेचा बुरूज फिरतो. सुरुवातीची स्टोट सोनेरी आणि वीझल मेटॅलिक हिरवी. पुढे दोन्ही ऑलिव्ह, म्हणजे मळकट हिरव्या, रंगात आल्या. ऑलिव्ह गाडी कमी दिसते, म्हणून भाव चढा. नेमकी इथेच फसगत होते, कारण सोनेरी गाडीवर ऑलिव्ह स्प्रे मारणं फार अवघड नाही.

नागपुरात अशा गाड्या एक तर माळ्यावरचं सामान निघालं की कबाड्याकडे येतात, नाहीतर कुरिअरने मागवाव्या लागतात. कुरिअरची असेल तर नुसत्या समोरच्या फोटोवर पैसे पाठवू नका. गाडी उलटी करून तळाचा फोटो मागवा. तळपत्रा आतून आलेल्या खुंट्यांवर रिव्हेटने बसवलेला असतो. कारखान्यातल्या रिव्हेटचं डोकं गोल, दाबलेलं, एकसंध दिसतं. नीट रंगवायचं तर गाडी उघडावी लागते, आणि उघडायची तर रिव्हेट ड्रिल करावा लागतो. मग तिथे भोक, स्क्रू किंवा गोंदाचा डाग राहतोच. रिव्हेट शाबूत असूनही त्यावर किंवा चाकांच्या आसाच्या टोकांवर ऑलिव्ह रंगाचे शिंतोडे असतील तर गाडी न उघडताच रंगवली आहे.

सगळ्यात भरवशाची खूण मात्र ओरखडा. 10 पट भिंग घ्या आणि झिजलेली कड बघा. मूळ ऑलिव्हमध्ये रंगाखाली थेट जस्ताचा करडा धातू दिसतो. मध्ये सोनेरी किंवा चमकत्या हिरव्याची बारीक रेघ दिसली तर सौदा सोडा. चाकांवरच्या कमानींच्या आतही टॉर्च मारून बघा, मागाहून मारलेला स्प्रे तिथपर्यंत क्वचितच पोचतो, त्यामुळे जुना रंग दिसतो. म्हणूनच एकही ओरखडा नसलेल्या, नव्यासारख्या ऑलिव्ह गाडीपेक्षा कडा झिजलेली गाडी घ्यावी, ती तपासता तरी येते. नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवून परीक्षा घेऊ नका; त्याने मूळ रंगही निघतो.

रंग ओळखायचा तो सकाळच्या उजेडात, सावलीत. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली ऑलिव्ह तपकिरी वाटतं आणि मोबाईलचा कॅमेरा रंग स्वतःच बदलून टाकतो. कामठी रोडवर दिसणाऱ्या लष्करी ट्रकांच्या हिरव्याशी ताडून पाहू नका. हे ऑलिव्ह तपकिरीकडे झुकतं. खात्रीची एखादी मूळ गाडी शेजारी ठेवून बघणं उत्तम.

यंत्रणा फार साधी, आणि म्हणूनच देखणी. चाकाच्या आतल्या बाजूला छोटे खुंट असतात, ते वरचा भाग ढकलत नेतात. गाडी काचेवर नाही, सतरंजीवर चालवून बघा. काचेवर चाक नुसतं घसरतं. सैनिक अडखळत असेल तर आधी आस वाकला आहे का ते पाहा, तो हलक्या हाताने सरळ होतो. खुंटच तुटला असेल तर उपाय म्हणजे दुसऱ्या मोडक्या गाडीचं चाक. तेल घालू नका, धूळ धरून सगळं घट्ट होतं. स्टोटचा सैनिक प्लास्टिकचा आहे, त्याचं डोकं किंवा हात तुटलेले असतील तर तेवढे पैसे कमी करा.

आता नागपूरच्या उन्हाळ्याचं. पारा 45 च्या वर गेला की शोकेससमोर कूलर लावायचा मोह होतो, तो टाळा. कूलरच्या ओल्या वाऱ्याने पोलादी आसांवर गंज चढतो आणि रंग उडालेल्या जागी जस्तावर पांढरी भुकटी धरते. कपाट कूलरच्या झोतापासून लांब, पश्चिमेचं ऊन येणार नाही असं ठेवा. प्रत्येक फळीवर ओल शोषणाऱ्या, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या 2 पुड्या टाका आणि दाण्यांचा रंग बदलला की नव्या ठेवा.

पहिल्यांदाच घेत असाल तर सोनेरी स्टोट घ्या. स्वस्त मिळते, बनावटीचा धोका कमी, आणि मूळ रंगाची जाडी कशी दिसते ते हातात येतं. तीच गाडी खिशात घेऊन ऑलिव्ह बघायला जा.