सौदा की मोजणी? अमेरिका-चीन सलोखा कशावर टिकेल

वाशीमच्या बाजारात सोयाबीनची ओल तपासली जात असताना शेतकरी आता अमेरिका-चीनचंही विचारतात. या दोघांपुढे सलोख्याच्या दोन वाटा आहेत.

एक, खरेदीचा सौदा. २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावलं. जानेवारी २०२० मध्ये दोघांत करार झाला; चीनने दोन वर्षांत अमेरिकेकडून २०० अब्ज डॉलरची वाढीव खरेदी कबूल केली. ती पूर्ण झाली नाही.

दुसरी वाट तपासणीची, आणि मला तीच पटते. आमच्याकडे धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा वाद नुसता चहा पिऊन मिटत नाही. मोजणीदार येतो, दोन्ही शेजारी भर उन्हात त्याच्यामागे चालतात, दगड गाडला जातो. बोलणं बंद पडलं तरी दगड जागेवर राहतो. १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत क्षेपणास्त्र करारात हेच झालं. एकमेकांच्या तळांवर निरीक्षक गेले, १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली. एकमेकांवर भरवसा नव्हता, तरी काम झालं! २०१९ मध्ये तो करार मोडला हे खरं, पण तीन दशकं त्याने निभावली.

अमेरिका आणि चीनमध्ये अण्वस्त्रांची अशी तपासणी आजही नाही. पहिला दगड तिथेच गाडायला हवा.