गार पाण्याची बाटली आणि दुखरा अंगठा

उन्हाळ्यातल्या रविवारच्या सायकल राईडचा आमचा क्रम ठरलेला आहे. पहिल्या तासात बडबड थांबत नाही, दुसऱ्या तासात निम्मे गप्प होतात, आणि तिसऱ्या तासात कोणीतरी बाटली तोंडाला लावून चेहरा वाकडा करतं : "हे पाणी प्यायचं की अंघोळीचं?" आमच्या सहा जणांत पाणी प्यायला सगळ्यांत आळशी मी. कोमट पाण्याचा घोट तोंडात आला की तो गिळावासाच वाटत नाही. मग मी पीत नाही, आणि घरी आल्यावर दुपारभर डोकं धरून बसते. म्हणून यंदा ऊन तापायच्या आधीच डबल वॉलची बाटली घेतली. प्लॅस्टिकचीच, पण दोन पदरांची, मधे चकचकीत अस्तर असलेली. आतापर्यंत दहा राईड झाल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते या जातीच्या बहुतेक बाटल्यांना लागू पडावं.

स्टीलची का नाही, हे आधी सांगून टाकते, कारण हा प्रश्न येणारच. स्टीलच्या थर्मासात पाणी जास्त वेळ गार राहतं, त्यात वाद नाही. पण ती दाबता येत नाही. प्यायचं तर मान मागे टाकून बाटली उलटी करावी लागते, आणि तेवढा वेळ नजर रस्त्यावरून सुटते. ताशी ३० किलोमीटरच्या वेगात दोन सेकंदांत साडेसोळा मीटर जातात. पुढच्याच्या मागच्या चाकापासून माझं पुढचं चाक हातभर अंतरावर असतं, तेव्हा तेवढे मीटर मी न बघता घालवणार नाही. एकट्याने फिरणाऱ्यांचं ठीक आहे, त्यांनी खुशाल घ्यावी.

आता माप. बाटलीवर ६२० मिलिलिटर लिहिलंय. मी गळ्यापर्यंत भरून वजनकाट्यावर ठेवली, तर पाणी ६०८ ग्रॅम भरलं. बाहेरून मात्र ती माझ्या जुन्या ७५० मिलिलिटरच्या साध्या बाटलीएवढीच आहे. म्हणजे दुसऱ्या पदराने जवळजवळ पाचवा हिस्सा पाणी खाल्लं. रिकाम्या बाटलीचं वजन १३० ग्रॅम, जुनीचं ९०. वजनाचं मला काही नाही, उंचीचं आहे. माझी फ्रेम लहान. मागच्या, म्हणजे सीटखालच्या दांडीवरच्या केजमध्ये (बाटली अडकवायच्या कड्यात) ही बाटली बसते खरी, पण वरच्या नळीला टेकते. सरळ उपसून निघत नाही, आधी बाजूला कलती करावी लागते. पहिल्या राईडला हे लक्षात नव्हतं. चालत्या सायकलवर मी ती हिसडली, सायकल डावी-उजवीकडे डुलली आणि मागून काका ओरडले, "अगं, सरळ चालव!" काका म्हणजे गटातले सगळ्यांत वयस्क आणि सगळ्यांत काटक. त्या दिवसापासून ही बाटली पुढच्या, खालच्या तिरक्या दांडीवर असते. लहान फ्रेमवाल्यांनी विकत घेण्याआधी टेप घेऊन मोजावं.

गारवा किती टिकतो, हे अंदाजाने सांगणाऱ्या माणसांचा मला राग येतो, म्हणून स्वयंपाकघरातला थर्मामीटर जर्सीच्या खिशात घालून नेला. एक साधी, एक डबल वॉल, दोन्ही काठोकाठ भरलेल्या, दोन्हींत सुरुवातीला ६ अंशांचं पाणी. दोन्हींना तोंड लावायचं नाही, प्यायचं पाणी धाकटीच्या जास्तीच्या बाटलीतून उधार. (ती आमच्यातली धाकटी, पण उधारीचा हिशोब पक्का ठेवते.) हवेचं तापमान निघताना २७ आणि परतताना ३६ अंश. तासाभराने साधीतलं पाणी २६ वर पोचलं होतं, डबल वॉलमधलं १७ वर. दोन तासांनी साधी ३३ आणि डबल वॉल २६. म्हणजे साधीची जी गत पहिल्या तासात झाली, ती हिची दुसऱ्या तासाच्या शेवटी झाली. "तासन् तास थंडगार" असं वेष्टनावर छापलंय त्याचा अर्थ हा एवढाच, एका तासाचे दोन तास. निव्वळ फ्रिजमधलं पाणी भरणार असाल तर तिसरा तास पुन्हा अंघोळीच्या पाण्याचाच.

फरक पडतो तो बर्फाने. एक ग्रॅम बर्फ वितळताना जवळजवळ ८० कॅलरी उष्णता खातो, आणि वितळून झालेलं पाणी तेवढ्या उष्णतेत शून्यावरून ८० अंशांवर जाईल. थोडक्यात, सगळा साठा बर्फात असतो, गार पाण्यात फारसा नसतो. मी आता आदल्या रात्री बाटली निम्मी भरते, झाकण सैल ठेवून फ्रीझरमध्ये तिरपी टेकवते आणि सकाळी वरून गार पाणी ओतते. आडवी किंवा तिरपी अशासाठी की बर्फ एका कडेला धरतो आणि झाकणाकडची वाट मोकळी राहते. उभी गोठवली तर तळाशी गठ्ठा बसतो आणि भोवतीचं पाणी सावकाश गार होतं. पूर्ण भरून मात्र कधी गोठवू नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि आतला पदर तडकला तर दोन पदरांच्या मधे पाणी शिरतं, ते पुन्हा निघत नाही. अशी निम्मी गोठवलेली बाटली साधारण तितक्याच उन्हात दोन तासांनी हलवली तर आत बर्फाची चकती अजून खुळखुळत होती. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला थांबून सगळ्यांनी तो आवाज आळीपाळीने कान लावून ऐकला. उन्हाने माणसाचं काय होतं, त्याचा हा नमुना.

इथे एक गोष्ट साफ केली पाहिजे, कारण मी स्वतः ती उलटी समजत होते. गार पाणी प्यायलं की अंग गार होतं असं वाटतं, पण हिशोब मांडला तर हाताला फार लागत नाही. १० अंशांचं ६०० मिलिलिटर पाणी पोटात जाऊन ३७ अंशांवर येताना शरीराकडून साधारण १६ किलोकॅलरी घेतं. तेच ६०० मिलिलिटर पाणी घाम होऊन त्वचेवरून वाळलं तर साडेतीनशेच्या आसपास घेऊन जातं. वीसपट. पेडल मारताना आपण जी ऊर्जा जाळतो तिच्यातली जेमतेम चौथाई-पाचवाई पेडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन अंगातच उरते. हवा त्वचेपेक्षा तापली की नुसता वारा काही नेत नाही, उलट देतो. मग सगळी मदार घाम वाळण्यावर. त्यामुळे बाटलीचं खरं काम पाणी गार ठेवणं हे नाही. मला वेळेवर प्यायला लावणं हे आहे. गारवा ही लालूच.

ती लालूच लागू पडली का? पडली. एकाच रस्त्यावर, जवळपास सारख्याच उन्हात, दोन रविवारी निघण्याआधी आणि आल्यावर वजन केलं. साध्या बाटल्यांच्या दिवशी मी साडेतीन तासांत १.२ लिटर प्यायले आणि १.९ किलोने उतरले. डबल वॉलच्या दिवशी १.८ लिटर प्यायले आणि १.३ किलोने उतरले. दोन्ही दिवशी घाम ३.१ लिटर, ताशी सुमारे ०.९. खाल्लेल्या चार घासांचा हिशोब धरलेला नाही आणि दोन रविवार म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे. पण ५८ किलोच्या बाईचं वजन तीन टक्क्यांहून जास्त घसरणं आणि दोन टक्क्यांच्या आसपास थांबणं यातला फरक शेवटच्या चढावर पायांना कळतो. त्या दिवशी दुपारी डोकंही धरलं नाही.

तक्रारीकडे येते, आणि ती मोठी आहे. ही बाटली दाबली जात नाही. म्हणजे दाबली जाते, पण हाताने भांडावं लागतं. साधी बाटली मुठीत धरली की एका दाबात घसघशीत घोट येतो. हिला दोन पदर, त्यात बर्फाने कडक झालेलं प्लॅस्टिक. एका दाबात चमचाभर पाणी, मग सोडा, हवा आत जाऊ द्या, पुन्हा दाबा. एका पिण्याला चार-पाच दाब. एरवी चाललं असतं, पण गटात पाणी प्यायला मिळणारा वेळ मोजका असतो. रांगेच्या पुढे राहून वारा कापत असताना पिता येत नाही, कारण वेग पडतो आणि मागचे सगळे दचकतात. मधे असताना एक हात ब्रेकवरून काढणं मला आवडत नाही. राहता राहिली ती पुढे राहण्याची पाळी संपवून रांगेच्या शेपटाला जातानाची वेळ. त्या वीस-तीस सेकंदांत साध्या बाटलीने मी तीन घोट घेते, हिने एक-दीड. शिवाय शेपटाला वारा कमी लागतो. पुढच्यांनी वारा अडवल्यामुळे पायांना आराम असतो, पण घाम तेवढा वाळत नाही आणि तिथेच सगळ्यांत जास्त उकडतं. म्हणजे तहान लागते तिथेच बाटली अडून बसते. तिसऱ्या राईडनंतर माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दोन दिवस ठणका होता. हसू नका.

दुसरी तक्रार : आत किती पाणी उरलंय ते दिसत नाही. अस्तरामुळे बाटली पार आंधळी आहे. साधी बाटली मान खाली घालून पाहिली की पातळी कळते. पाचव्या राईडला लांब चढ लागण्याआधी मी बाटली हलवून पाहिली, आत खळखळलं, म्हटलं निम्मी तरी असेल. चढाच्या मध्यावर दाबली तर नुसती हवा आणि सुईसारखी शिट्टी. खळखळत होता तो बर्फ! पाणी केव्हाच संपलं होतं. वर पोचेपर्यंत सावलीचं एक झाड नाही आणि मी तोंडात नसलेल्या बर्फाची चव घोळवतेय. काकांनी वर थांबून त्यांची बाटली पुढे केली आणि एवढंच म्हणाले, "तासाला एक संपवायची. बघायची गरजच काय?" तेव्हापासून घड्याळात दर पंधरा मिनिटांचा गजर लावलाय. गजर झाला की चार-पाच दाब, पाणी असो वा हवा.

डोक्यावर ओतायला ही बाटली निरुपयोगी आहे. पिचकारी मारल्यासारखी बारीक धार येते, ती हेल्मेटच्या भोकांतून आत जायच्या आधी कानामागून ओघळते. त्या कामाला साधीच हवी. पण साधी वापरायची तर कुठल्या बाटलीत काय आहे ते लक्षात ठेवा. आमच्यातल्या डॉक्टरांनी एकदा भर उन्हात ऐटीत अर्धी बाटली मानेवर रिकामी केली, ती इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्याची निघाली. पुढचे चाळीस किलोमीटर त्यांच्या मानेवर माश्या आणि आमच्या तोंडावर हसू. तसं ते पाणी हवंच. लिटरभर घामातून साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, कुणाचं अर्धा, कुणाचं दीडदेखील, आणि तीन-चार तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होण्याचा धोका आहे, हे त्यांनीच आम्हाला मान पुसत पुसत सांगितलं.

स्वच्छतेचं लवकर आटोपते. बाटलीचं तोंड रुंद आहे, हात जातो, चांगलं आहे. पण चोखायचा सिलिकॉनचा वॉल्व्ह ओढून काढावा लागतो आणि त्याच्या मागच्या खाचेत साखर अडकली की आठवड्याभरात काळे ठिपके धरतात. सातव्या राईडनंतर मी सहज काढून पाहिला आणि त्याआधीचे सहा रविवार आठवून मळमळलं. आता घरी आल्या आल्या वॉल्व्ह वेगळा, ब्रश, गरम पाणी, आणि झाकण उघडंच वाळवायचं. वास धरायचा नसेल तर हिच्यात निव्वळ पाणी भरा, गोड-खारट सगळं साध्या बाटलीत.

तर सध्या माझी मांडणी अशी : पुढच्या केजमध्ये डबल वॉल, निम्मा बर्फ, नुसतं पाणी. मागच्यात साधी, तिच्यात इलेक्ट्रोलाइट, ती पहिल्या तासा-दीड तासात, पार तापायच्या आधीच संपवायची. पाणी भरायला थांबलो की साधीत साधं पाणी, ते पुढे डोक्याला. दोन्ही केजमध्ये डबल वॉल घेणार का, असं धाकटीने विचारलं. नाही. गटात फिरत असाल आणि तीन तासांच्या आत घरी येत असाल तर एकही नको, सकाळी लवकर निघा. तीन तासांच्या पुढे जात असाल आणि माझ्यासारखं कोमट पाणी गिळवत नसेल तर एक घ्या, मात्र दुकानात ती पाण्याने भरून एका हाताने दाबून पाहा. रिकामी दाबून काही कळत नाही. माझी तशीच फसगत झाली.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण वॉल्व्ह सुटा मिळतो म्हणून दिलाय. नवा मागवलाय, मोठ्या भोकाचा, रविवारपर्यंत यायला हवा.