डिस्नेलँडच्या मुक्कामातला एक दिवस पॅरिससाठी: आरईआर, कोच, टॅक्सी की मुक्कामच हलवायचा?

डिस्नेलँड पॅरिसचं बुकिंग झालं, शेंगेन व्हिसा हातात आला, की घरात पुढचा प्रश्न येतोच: इतक्या लांब जातोय तर पॅरिस बघायचं कसं? पार्क नावाला पॅरिसचं. प्रत्यक्षात ते शहराच्या पूर्वेला, सुमारे ३२ किलोमीटरवर मार्न-ला-व्हाले इथे आहे. १९९२ मध्ये ते उघडलं तेव्हाच आरईआर, म्हणजे शहर आणि उपनगरांना जोडणारी जलद रेल्वे, पार्कच्या दारापर्यंत आणली होती, त्यामुळे एका दिवसात जाऊन येणं अवघड नाही. अवघड आहे ते चार पर्यायांतून आपला निवडणं. माझं मत आधीच सांगते. काय काय बघायचं याच्या यादीवरून हा निर्णय घेऊ नका. संध्याकाळी सात वाजता तुमच्यातलं सगळ्यात दमलेलं माणूस कुठे असेल आणि तिथून पलंगापर्यंत कसं पोचेल, यावरून घ्या.

स्वतः आरईआरने

पार्कच्या दारासमोर मार्न-ला-व्हाले–शेसी हे स्टेशन आहे. आरईआरच्या 'ए' लाइनचं हे पूर्वेकडचं शेवटचं स्टेशन. इथून शहराच्या मध्यावरचं शातले–ले आल सुमारे चाळीस मिनिटांवर, आणि आर्क द त्रिओंफ या कमानीजवळचं शार्ल द गोल–एत्वाल त्याहून पाचेक मिनिटं पुढे. गाडी इथूनच सुटते, त्यामुळे सकाळी बसायला जागा मिळते. डबे दुमजली आहेत, मुलांना वरचा मजला हवाच असतो.

भाड्याचं गणित आता सोपं झालंय. पूर्वी अंतरानुसार तिकीट बदलायचं. जानेवारी २०२५ पासून विमानतळ वगळता सगळ्या इल-द-फ्रान्स भागात (पॅरिस आणि भोवतालचा प्रदेश) मेट्रो-ट्रेन-आरईआरचं एकच तिकीट आहे. सुरू झालं तेव्हा ते २.५० युरो होतं आणि दरवर्षी त्यात थोडी वाढ गृहीत धरायची. त्याच तिकिटावर आरईआरमधून मेट्रोत बदलता येतं, बसमध्ये मात्र चालत नाही. चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. दिवसाचा पास त्याच वर्षी १२ युरोचा होता, म्हणजे दिवसात पाच वेळा चढणार असाल तरच तो परवडतो. पुढे जो मार्ग सुचवलाय त्यात सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. तिकिटं ज्यावर भरतात ते नाविगो इझी कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं, एकाच कार्डावर चौघांना आत जाता येत नाही. बाहेर पडतानाही कार्ड लागतं, म्हणून ते मुलांच्या हातात राहू देऊ नका.

आता त्रासाची बाजू. 'ए' लाइन युरोपातल्या सगळ्यात गजबजलेल्या लाइनींपैकी एक आहे, रोज दहा लाखांहून जास्त माणसं तिने जातात. कामाच्या दिवशी संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान शातलेहून परत निघालात तर झोपलेलं मूल कडेवर घेऊन उभं राहावं लागेल. शातले–ले आल हे जमिनीखालचं अवाढव्य स्टेशन आहे, तिथे लाल 'ए'च्या खुणेमागे चालत राहायचं. फलाटावर गाडी आली म्हणून चढायचं नाही. व्हांसेनपाशी लाइनीला फाटा फुटतो आणि एक शाखा ब्वासी-सँ-लेजेला जाते. शिवाय काही गाड्या आपल्याच शाखेवर मध्येच, तोर्सीला वगैरे संपतात. फलकावर शेसीच्या नावापुढे दिवा लागलाय ना, एवढं बघितलं की झालं.

बाबागाडी असेल तर मेट्रोच्या जिन्यांचा हिशेब आधी करा. जुन्या लाइनींवर लिफ्ट फार थोड्या स्टेशनांत आहे. सगळ्या स्टेशनांत लिफ्ट असलेली लाइन म्हणजे १४ नंबरची. शहरातल्या बस मात्र बाबागाडीसाठी चांगल्या आहेत.

कोच टूर

रिसॉर्टच्या भागातून दिवसभराच्या कोच टूर निघतात. हॉटेलच्या परिसरात बसमध्ये बसायचं, मोठी ठिकाणं काचेतून बघायची, बहुतेक वेळा सेन नदीतली एक फेरी आणि कधी आयफेलचं तिकीट त्यातच असतं, संध्याकाळी परत. सोबत आजी-आजोबा असतील, कुणाचे गुडघे दुखत असतील, किंवा गर्दीच्या स्टेशनात वाट शोधायची कुणालाच हौस नसेल, तर हा पर्याय मनापासून घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. आयफेलचं तिकीट स्वतंत्रपणे मिळत नसेल तेव्हा ते टूरसोबत मिळू शकतं, हाही फायदा.

लहान मुलं सोबत असतील तर मी कोच घेणार नाही. पॅरिसमधला मुलांचा आनंद ठरलेल्या थांब्यांवर नसतो. तो तुइलरीच्या बागेतल्या तळ्याकाठी असतो, किंवा लुक्सांबूर बागेत भाड्याने मिळणारी शिडाची छोटी होडी काठीने ढकलण्यात. कोच तिथे थांबत नाही, आणि मूल रमलं म्हणून कोचची वेळ पुढे जात नाही. पैशांतही मोठा फरक पडतो. चौघांचं आरईआरचं जाणं-येणं २०२५ च्या दराने २० युरोत होत होतं, कोचला माणशी त्याच्या कितीतरी पट द्यावे लागतात.

टॅक्सी किंवा गाडी

यावर फार वेळ घालवत नाही. शहर आणि विमानतळ यांच्यात टॅक्सीचे ठरावीक दर आहेत. डिस्नेलँड त्यात येत नाही, इथे मीटरच चालतो. ए४ महामार्ग सकाळ-संध्याकाळ तुंबतो आणि पाऊण तासाचा रस्ता दीड तासाचाही होतो. नेहमीच्या टॅक्सीत चार प्रवासी बसतात, पाचवा असला की मोठी गाडी सांगावी लागते. जाताना आरईआर आणि रात्री उशीर झाला तर परतीला टॅक्सी, हा मेळ मात्र चांगला आहे. तेवढे पैसे बाजूला ठेवले की दिवसभर घड्याळाची धास्ती राहत नाही.

मुक्काम हलवणं

सहलीच्या एका टोकाला एक-दोन रात्री पॅरिसमध्ये राहायचं. ज्यांना संग्रहालयं खरोखर बघायची आहेत, त्यांच्यासाठी मला हाच पर्याय योग्य वाटतो, कारण दिवसाच्या फेरीत मोठं संग्रहालय घातलं की दुसरं काही उरत नाही. हॉटेल गार द लिऑनच्या आसपास घेतलं तर 'ए' लाइन थेट मिळते, १ आणि १४ नंबरची मेट्रोही तिथेच आहे. सामान एकदाच हलवायचं.

पॅरिस आधी की पार्क आधी? मी पार्क आधी ठेवीन. पुढे डिस्ने आहे हे माहीत असलेल्या मुलाला नोत्र-दामचं चर्च दाखवण्यात अर्थ नसतो, त्याचं लक्ष तिथे नसतं. अपवाद एकच: परतीचं विमान शार्ल द गोल विमानतळाहून सकाळी लवकर असेल तर शेवटची रात्र पार्कजवळ काढणं सोयीचं. शेसी स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने विमानतळ साधारण दहा मिनिटांवर आहे, फक्त गाडीची वेळ जुळते का ते आधी बघा.

वार कोणता

पार्कच्या जवळच राहणार असाल तर शहराचा दिवस मुक्कामाच्या मध्यावर घ्या. पार्कमध्ये सलग चालून पाय भरून आलेले असतात, शहरात निदान बोटीत आणि बाकावर बसता येतं. पार्कचं तिकीट सलग दिवसांचंच आहे का, ही अट मात्र विकत घेण्याआधी वाचा.

शनिवार-रविवारी पार्कमध्ये गर्दी उसळते. बुधवारीही थोडी वाढते, कारण फ्रान्समध्ये बऱ्याच प्राथमिक शाळांना बुधवारी पूर्ण किंवा अर्धी सुट्टी असते. म्हणून शहरासाठी शनिवार किंवा रविवार घेतला की दुहेरी फायदा होतो: पार्कची गर्दी टळते आणि आरईआरमध्ये ऑफिसला जाणारे नसतात. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, ऑर्से संग्रहालय सोमवारी. हे दोन वार संग्रहालयवाल्यांनी लक्षात ठेवावेत.

एका दिवसात काय घ्यायचं

लूव्र की ऑर्से, हा प्रश्न पैशांमुळे आता जास्त टोकदार झालाय. १४ जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या पाहुण्यांना लूव्रचं तिकीट ३२ युरो आहे. भारतीय पासपोर्टवर दोन मोठ्यांचे ६४ युरो झाले. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. मोना लिसासमोरच्या गर्दीत पाच-सहा वर्षांच्या मुलाला पुढच्यांच्या पाठीच दिसतात. बाहेरचा काचेचा पिरॅमिड, १९८९ चा, विनातिकीट बघता येतो आणि मुलांना तोच जास्त आवडतो. ऑर्से मूळचं रेल्वे स्टेशन, १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं. १९८६ मध्ये त्याचं संग्रहालय झालं. आवाका लूव्रपेक्षा खूपच कमी, त्यामुळे दोन तासांत समाधान मिळतं. मोठं घड्याळ आणि त्याच्या काचेतून दिसणारं शहर मुलांनाही धरून ठेवतं. एकच घ्यायचं असेल तर ऑर्से घ्या.

आयफेलवर चढायचं की खालून बघायचं? लिफ्टची तिकिटं साधारण ६० दिवस आधी ऑनलाइन खुली होतात आणि सुट्ट्यांच्या काळात भराभर संपतात. तिकीट असलं तरी सुरक्षा तपासणी आणि लिफ्टची रांग धरून दोन-तीन तास जातात. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत, दहा वर्षांवरची धडधाकट मुलं त्या चढतात आणि त्यांना त्याचा अभिमानही वाटतो. पण दिवस एकच असेल आणि मुलं लहान असतील तर मी खालूनच बघीन. ३३० मीटरचा तो मनोरा अख्खा दिसतो तो नदीपलीकडच्या त्रोकादेरो चौकातून. वर चढल्यावर पॅरिस दिसतं, पण त्या पॅरिसमध्ये आयफेल नसतो.

मनोऱ्याचे लुकलुकणारे दिवे अंधार पडल्यावर दर तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं लागतात. जूनमध्ये पॅरिसला सूर्यच रात्री दहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे दिवे बघून पार्कच्या हॉटेलात पोचायला मध्यरात्र उलटेल आणि दुसऱ्या दिवशीचा पार्क बुडेल. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, मग सहा-सात वाजता दिवे बघून आरामात परतता येतं. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी, ज्यांचा मुक्काम शहरात नाही त्यांनी, दिव्यांचा मोह सोडावा. मुलांना आधी कबूल तर मुळीच करू नये.

आता मार्ग. 'ए' लाइनीने एत्वालला उतरा आणि वर येऊन आर्क द त्रिओंफ बघा. नेपोलियनने १८०६ मध्ये सांगितलेली ही कमान १८३६ मध्ये पुरी झाली. गच्चीवर जायला २८४ पायऱ्या आहेत, पण दम पुढच्यासाठी राखा. तिथून ६ नंबरची मेट्रो सुरू होते. त्रोकादेरोला उतरून मनोरा बघा आणि पुन्हा त्याच लाइनीने ब्यीर-आकेमला जा. डाव्या खिडकीशी बसा. पासी स्टेशननंतर गाडी पुलावरून सेन ओलांडते आणि आयफेल समोर येतो. त्या काही सेकंदांसाठी मी कुठलीही महागडी टूर सोडीन.

मनोऱ्याच्या पायथ्याशी बातोब्यूस पकडा. ही दिवसभर चढा-उतरायची बोट आहे, तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं. तासाभराच्या फेरीच्या बोटी जिथून निघतात तिथेच परत आणून सोडतात. बातोब्यूस तुम्हाला ऑर्सेवरून पुढे नोत्र-दामला नेते, म्हणजे प्रेक्षणीय फेरी हाच प्रवास होतो आणि मुलांचे पाय वाचतात. २०१९ च्या आगीनंतर नोत्र-दाम डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. धुऊन उजळलेल्या दगडाचा आतला भाग बघायला पैसे पडत नाहीत, आधी मोफत वेळ राखली तर रांग छोटी होते. तिथून शातले चालत दहा मिनिटांच्या आसपास, आणि 'ए' लाइन पुन्हा हाताशी. या मार्गात मागे फिरणं कुठेच येत नाही, म्हणून मला तो आवडतो.

शाकाहारी असाल तर नोत्र-दामहून नदी ओलांडून मारे भागातल्या रोझिए रस्त्यावर जा, फलाफल तिथली खासियत आहे. ही दुकानं शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारपर्यंत बहुतेक बंद असतात, त्यामुळे रविवार धरलेला बरा. त्रोकादेरो, मनोऱ्याचा पायथा आणि मेट्रोत पाकीटमार असतात. अर्जावर सही मागायला कुणी आलं तर न थांबता पुढे चला.

अख्खा दिवस काढणं जमतच नसेल तर अर्ध्या दिवसाचाही एक उपाय आहे. शहरात शिरण्याआधी, 'ए' लाइनीवरच व्हांसेन लागतं. स्टेशनपासून थोडं चाललं की शातो द व्हांसेन: १४व्या शतकातला खराखुरा किल्ला, खंदक, तट आणि ५२ मीटर उंचीचा बुरूज. डिस्नेचा गुलाबी महाल बघून आलेल्या मुलांना राजे कुठल्या भिंतींआड राहायचे ते इथे दिसतं. शेजारी मोठी बाग आहे. नाश्ता करून निघालात तर दुपारी परत पार्कमध्ये असाल, रात्रीच्या आतषबाजीसाठी मुलांच्या अंगात जोर शिल्लक ठेवून.