ढोबळी मिरचीच्या पाकिटातून निघाली लवंगी

हिरवी, लाल आणि पिवळी ढोबळी, तीन पाकिटं ३४९ रुपयांत, कुंडीत हमखास येणार, अशी जाहिरात मोबाइलवर दिसली तर जरा थांबा. आम्ही ती मागवली होती. (हिरवी आणि लाल वेगळी विकणं हीच मुळात गंमत. बहुतेक हिरव्या ढोबळ्या झाडावरच ठेवल्या की पिकून लाल होतात.)

बी झकास उगवलं, रोपं तरारली, फुलंही आली. गोम इथेच आहे. ढोबळी आणि तिखट मिरची एकाच प्रजातीतल्या. बी तेच चपटं पिवळट, रोपही तसंच. फळ धरेपर्यंत घरच्या माणसाला काही कळत नाही, आणि त्याला पेरणीपासून तीन महिने सहज जातात. माल परत करायची मुदत मात्र सात दिवस.

फळं आली ती बोटभर, निमुळती, आभाळाकडे तोंड केलेली. तिन्ही पाकिटांची एकजात तशीच. विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, पहिला बहर लहानच असतो." सासूबाई म्हणाल्या, "कोवळ्या आहेत, काही होत नाही," आणि मूठभर चिरून पीठ पेरून भाजी करायला घेतली. ढोबळीचा तो हिरवा वास नाहीच. फोडणीत पडल्याबरोबर घरभर असा खाट उठला की सगळे खोकत गॅलरीत. बेसन करपलं ते वेगळंच.

मग विक्रेत्याचं नवं कारण: "शेजारी तिखट मिरची असेल, परागीकरण झालं." ही शुद्ध थाप. परागाचा परिणाम फळाच्या आतल्या बियांवर होतो. फळाचा गर आणि तिखटपणा साठवणारी आतली पांढरी शीर आईझाडाचीच असते. शेजारी काहीही लावा, ढोबळीच्या झाडाला ढोबळीच लागते. संकर झाला तर तो ते बी पुन्हा पेरल्यावर दिसतो.

पाकिटावर नुसतं चित्र होतं. लॉट नंबर, उगवणशक्तीची टक्केवारी, चाचणीची तारीख, वैधता, विकणाऱ्याचा पत्ता, काहीच नाही. १९६६च्या बियाणे कायद्याप्रमाणे असलेल्या लेबलवर हे सगळं सापडतं. तेव्हा बी कृषी सेवा केंद्रातून घ्या, बिल मागा, आणि पीक हाती येईपर्यंत रिकामं पाकीट टाकू नका.

मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. विक्रेत्याचा नंबर तोवर बंद झाला होता. तेच चित्र आता दुसऱ्या नावाने फिरतंय, आणि किंमत २९९ केली आहे.