कोयनेचं पाणी चढलं तेव्हा: वर सरकावं की दूर जावं?

कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागला तेव्हा कोयना खोऱ्यातल्या माणसांपुढे दोनच वाटा होत्या. एक, तिथंच डोंगरावर सरकायचं. दुसरी, सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडकडे निघायचं.

वर सरकलेल्यांचं गावपण टिकलं. तीच भावकी, तीच बोली, तोच पाऊस. पण काठची भातखाचरं पाण्याखाली गेली आणि उतारावर नाचणी-वरीशिवाय फारसं काही उरलं नाही. दवाखान्याला जायचं तर लाँचची वाट बघायची. अडलेली बाळंतीण घेऊन काठावर बसलेल्या घरच्यांची घालमेल आठवून बघा. त्यात 1985 साली अभयारण्य झालं, पुढे 2010 मध्ये व्याघ्र प्रकल्प. एकदा उठलेल्यांवर पुन्हा उठायची वेळ आली.

दूर गेलेल्यांना रस्ता, शाळा, बाजार जवळ मिळाला. पण भातलावणीत वाढलेल्या हातांना सोलापूरकडं ज्वारीचं रान समजून घ्यावं लागलं, तेही कमी पावसात. मूळ गावकऱ्यांच्या लेखी ते बरीच वर्षं ‘धरणवाले’च. एका गावची घरं वेगवेगळ्या जिल्ह्यांत पांगली, की लग्नाची बोलणी कुणी करायची इथपासून अडतं.

मला विचाराल तर दूर जाणंच बरं, पण अख्खं गाव एकत्र आणि जमीन हातात पडल्यावरच. राज्याचा पुनर्वसन कायदा आला 1976 साली. कोयनेची माणसं तोवर कधीच उठली होती.