‘तीन वर्षांची’ फालाबेला घोडी, ३,२०० डॉलर आणि पाच महिन्यांचे शिंगरू

इथे ओहायोमध्ये मागच्या नोव्हेंबरात एका विक्रेत्याने मला ३१ इंच उंचीची, तीन वर्षांची, नोंदणीकृत फालाबेला (अर्जेंटिनातली बुटक्या घोड्यांची जात) घोडी म्हणून जे जनावर ३,२०० डॉलरना विकले, ते पाच महिन्यांचे शिंगरू होते. आज ते ३८ इंचांवर गेले आहे आणि अजून वाढतेच आहे. ५०० डॉलर मी आगाऊ ऑनलाइन पाठवले आणि २,७०० रोख मोजले. रोखीचा आग्रह त्याचा होता. असा आग्रह धरणाऱ्याकडून कोणीही जनावर घेऊ नये.

संताप याचा येतो की त्याने सांगितलेला इतिहास खरा होता. अर्जेंटिनात ब्यूनस आयर्सजवळ पॅट्रिक न्यूटॉलने एकोणिसाव्या शतकात लहान घोड्यांची पैदास सुरू केली, ती पुढे फालाबेला घराण्याने चालवली आणि १९४० च्या दशकात हुलिओ सेसार फालाबेलाने तिला शिस्त लावली, हे सारे त्याला मुखोद्गत होते. १८४२ च्या ब्रिटिश कायद्याने स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलांना खाणीत उतरवण्यास बंदी घातल्यावर कोळसा ओढण्यासाठी शेटलंड तट्टांची मागणी वाढली, ती तट्टे पुढे अमेरिकेतही आली आणि इथल्या मिनिएचर म्हणजे बुटक्या घोड्यांत त्यांचे रक्त उतरले, हेही त्याने सांगितले. इतके जाणणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनची उंचीची मर्यादा ३४ इंचांची आहे आणि माप आयाळीच्या शेवटच्या केसापाशी घेतात. त्याने माझ्यासमोर तसेच मोजले. मापात खोट नव्हती, वयात होती.

ते कळण्याची जागा तिथेच होती आणि ती आठवली की आजही रक्त उसळते. कुंपणापलीकडून एक मोठी घोडी जवळ आली तेव्हा या ‘तीन वर्षांच्या’ घोडीने मान पुढे ताणली, ओठ मागे ओढले आणि जबडा भराभर उघडमीट करू लागली. मोठ्या घोड्यासमोर शिंगरेच असे करतात. ‘खाऊ मागते आहे,’ असे तो म्हणाला. तोंडाला हात लावू लागले तर ‘चावते’ म्हणून त्याने दोर खेचला. थंडीची दाट लव अंगभर आली होती, त्यात पायांचा शिंगरासारखा लांबटपणा झाकून गेला होता आणि शेपटी तेवढी शिंगराची, आखूड, फुललेली दिसत होती. घोड्यांत न वाढलेल्या कोणालाही यातून वय ओळखता आले नसते.

पशुवैद्याने १६५ डॉलर घेऊन एका मिनिटात तोंड उघडून दाखवले: सगळे दात दुधाचे आणि कोपऱ्यातले तर अजून फुटलेच नव्हते. तीन वर्षांच्या घोड्याला मधले दात कायमचे आलेले असतात. म्हणून पैसे देण्याआधी दात पाहा आणि विक्रेत्याचा नव्हे, आपला पशुवैद्य न्या. नोंदणीपत्राची छायाप्रत कधीही स्वीकारू नका. माझ्या प्रतीवरचा क्रमांक भलत्याच घोडीचा निघाला.

इतका उघड पुरावा घेऊन मी पोलिसांकडे गेले, तर तिथल्या अधिकाऱ्याने कागद न उलटताच ही दिवाणी बाब असल्याचे सांगितले. खोटे वय आणि दुसऱ्या जनावराचा नोंदणी क्रमांक दाखवून पैसे घेणे हा गुन्हा नसेल, तर गुन्हा कशाला म्हणायचे? बँक म्हणाली, रक्कम तुम्हीच पाठवली. राज्याच्या ग्राहक तक्रार विभागाकडून पोच आली आणि पुढे काहीही नाही. जाहिरातीच्या संकेतस्थळाने माझ्या तक्रारीवरून जाहिरातच काढून टाकली, म्हणजे माझ्या हातचा पुरावाही गेला; तेव्हा तक्रार करण्याआधी प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन ठेवा. वकिलाची फी घोडीच्या किमतीहून जास्त होते आणि असे विक्रेते नेमके याच हिशेबावर जगतात.

या शरद ऋतूत तशीच जाहिरात पुन्हा आली आहे: ‘३० इंच, प्रौढ, फालाबेला, फक्त रोख’. ओहायो किंवा इंडियानामध्ये कोणी असा व्यवहार केला असेल, तर संदेश आणि पावत्या जपून ठेवून मला कळवावे. एकाच माणसाविरुद्ध एकाच पद्धतीच्या अनेक तक्रारी एकत्र गेल्या, तर त्या अधिकाऱ्याला दिवाणी बाब म्हणून हात झटकणे जड जाईल.