क्लाउड गेमिंगचे नऊ महिने: ऐरोलीतल्या आमच्या घरातला अनुभव

दहावी झाल्यावर लेकीला गेमिंग लॅपटॉप हवा होता. ठाण्याला गोखले रोडवर दोन-तीन दुकानं पालथी घातली, पण तिला हवा तसा लॅपटॉप ९५,००० च्या खाली मिळेना. घरात माझा सहा वर्षांचा जुना लॅपटॉप पडून होता, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला. म्हटलं, वर्षभर क्लाउडवर खेळून बघू, नाहीच जमलं तर पैसे बाजूला ठेवलेले आहेतच. सर्व्हिसचे महिन्याला ९९९ जातात. आठवड्याला दहा-बारा तास खेळणं होतं, त्यातले निम्मे माझे.

यात गेम आपल्या मशीनवर चालतच नाही. आपण बटण दाबलं की ते सर्व्हरकडे जातं, तिथे फ्रेम तयार होते आणि व्हिडिओ म्हणून आपल्याकडे येते. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. त्यामुळे सगळं अडतं ते या जाण्यायेण्याच्या वेळावर.

पहिला महिना वाईट गेला. लेक क्रिकेटचा गेम खेळते. खऱ्या मैदानावर १४० च्या वेगाचा चेंडू बॅट्समनपर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो, आणि गेममधलं टायमिंगही तितकंच बारीक. तिनं बटण बरोबर वेळी दाबावं आणि पडद्यावर बॅट उशिरा खाली यावी. यॉर्करवर तर दरवेळी दांडी गुल. दिवसा जरा बरं चालायचं, पण रात्री दहानंतर चित्र अडखळायचं. पोरगी रडकुंडीला आली होती. मलाही वाटायला लागलं की लॅपटॉपचे पैसे वाचवायच्या नादात मी तिच्यावर अन्याय करतेय.

मला कोडं हे पडलं होतं की आम्ही राहतो ऐरोलीत. ऐरोली, रबाळे, महापे हा ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा सगळा पट्टा डेटा सेंटरांचा, म्हणजे असे सर्व्हर ठेवलेल्या इमारतींचा. ॲपमधली नेटवर्क टेस्ट सर्व्हर मुंबईचाच दाखवते. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. मग आमचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, रात्री ४०, ७०, मध्येच ११० मिलिसेकंद कसा?

उत्तर घरातच सापडलं. राउटर दाराजवळ चपलांच्या कपाटावर, लॅपटॉप आतल्या खोलीत आणि मध्ये बाथरूमची भिंत. फोनवर वाय-फायची यादी उघडली तर शेजारपाजारची २३ नावं. आमचा लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर जोडलेला, आणि त्या बँडमध्ये एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच. रात्री जेवणं आटपून सगळी बिल्डिंग मोबाईल घेऊन बसली की आमच्या वाट्याला काय येणार? आधी ५ गिगाहर्ट्झ करून पाहिलं, थोडा फरक पडला. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावून राउटरपासून १८ मीटर कॅट-६ नेटवर्क केबल स्कर्टिंगच्या कडेनं पट्टीतून आतल्या खोलीपर्यंत नेली. मजुरीसकट १,२०० रुपये. त्या रात्री पिंग ६ वर आला आणि तिथेच राहिला. लेकीनं पहिल्याच ओव्हरला यॉर्कर खेळून काढला आणि मला हाक मारून तो रिप्ले दाखवला.

म्हणून कोणी विचारलं की मी आधी घरातल्या वायरचं विचारते. १०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन वाय-फायवर हाल सोसण्यापेक्षा ४० चा प्लॅन आणि केबल केव्हाही बरी. गेमपॅडही ब्लूटूथऐवजी यूएसबीनं लावा, तिथेही थोडे मिलिसेकंद वाचतात.

१०८० पीला, म्हणजे फुल एचडी चित्राला, साधारण २५ एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला ११ जीबीच्या वर. महिन्याला आमचे ५०० जीबी होतात आणि ब्रॉडबँडच्या ३,३०० जीबीच्या मर्यादेत आरामात बसतात. मोबाईलवर रोज २ जीबीचं पॅक असेल तर मात्र ते अकरा मिनिटांत संपेल.

चित्राबद्दल एक गोष्ट मला अजूनही खटकते. मला रात्रीच्या पावसात गाडी चालवायला फार आवडतं, आणि नेमकी तिथेच कॉम्प्रेशनची, म्हणजे पाठवण्यासाठी व्हिडिओ दाबून लहान करण्याची, मर्यादा दिसते. काळ्या आभाळात चौकोनी ठिगळं पडतात, हेडलाइटच्या उजेडातला पाऊस पिठासारखा विस्कटतो. दिवसाच्या ट्रॅकवर फरक शोधावा लागतो.

जुलैत एकदा संध्याकाळी वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर, राउटर छोट्या यूपीएसवर, गेम सुरूच! वीस मिनिटांनी नेट गेलं, कारण गच्चीवरच्या इंटरनेटच्या डब्याला बॅकअप नव्हता. इंटरनेटवाल्या दादांना सांगितल्यावर त्यांनी तिथे बॅटरी बसवून दिली, तेव्हापासून त्रास नाही.

खरी चिंता वेगळीच आहे. चौथ्या महिन्यात लेकीचा अर्ध्यावर आलेला एक गेम सर्व्हिसच्या यादीतून निघून गेला. चाळीस तासांची प्रगती तिकडेच अडकली. कस्टमर केअरनं नम्रपणे सांगितलं की प्रकाशकाचा करार संपला. असं याआधीही झालंय. एनव्हिडियाची जीफोर्स नाऊ ही क्लाउड गेमिंग सर्व्हिस फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि त्याच महिन्यात ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड आणि बेथेस्डा या गेम कंपन्यांनी आपले गेम काढून घेतले. गुगलचं असंच स्टेडिया नोव्हेंबर २०१९ ला आलं आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद पडलं. तिथे घेतलेल्या गेमचे पैसे गुगलनं परत दिले, ही त्यातली चांगली बाजू. त्याही आधी २०१० चं ऑनलाइव्ह २०१५ मध्ये गेलं. म्हणून आता गेम विकत घ्यायचाच असेल तर आम्ही स्टीमसारख्या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतो, म्हणजे उद्या ही सर्व्हिस गेली तरी गेम आपल्या खात्यात राहतो.

नऊ महिन्यांत सर्व्हिसचे ९,००० च्या आत गेले. या हिशेबानं लॅपटॉपच्या किमतीला पोचायला जवळजवळ आठ वर्षं लागतील, आणि तेवढ्यात तो लॅपटॉप जुना होईल. आमच्यासारख्या शनिवार-रविवार खेळणाऱ्या घराला मी हे मनापासून सुचवीन. स्पर्धेत उतरून शूटर खेळणाऱ्यानं किंवा मॉड (इतरांनी बनवलेल्या जोड-फाइल्स) टाकून गेम बदलणाऱ्यानं स्वतःचं मशीनच घ्यावं. शनिवारी रात्री सर्व्हरसाठी वेटिंग असतं, तेही धरून चाला.

बारावी झाल्यावर जूनमध्ये लेक हॉस्टेलला जाईल. तिथे केबल ओढता येणार नाही, वाय-फाय शंभर मुलींत वाटलेलं असेल. ॲडमिशनच्या दिवशी हाच जुना लॅपटॉप सोबत नेऊन, रात्री दहाला तिच्या खोलीत पिंग बघायचा, असं आम्ही दोघींनी ठरवलंय. बाजूला ठेवलेले ९५,००० तोपर्यंत तसेच आहेत.